निनावे

चौघांचा खेळ होता.
पलाश पुण्याला गेला, झुबेर बंगळुरूला,
वेदिका इथंच आहे, मनीषनगरात,
पण तिला बाळ झालंय, म्हणजे तीही गेलीच.
फासे माझ्याकडे राहिले, सोनपापडीच्या डब्यात.

मे महिना. रात्री अकराला भिंत अजून गरम.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या,
फरशीवर नकाशा पसरला,
कोपऱ्यांवर वजनं: मिठाची बरणी, चार्जर,
एक कैरी, बुटीबोरीच्या फॅक्टरीचं आयकार्ड.

माझ्या भुयाराचं तोंड सीताबर्डीच्या टेकडीखाली,
शेवट कुठे ते फाशांनाच माहीत.
एकटीनं उतरायचं तर सोबती हवा,
असं नियमांच्या पुस्तकात लिहिलंय.
तो बनवायचा कसा, ते लिहिलेलं नाही.

पहिला बनवला तो फार हुशार निघाला.
पलाशचं धाडस, झुबेरचा हिशोब, वेदिकाची जीभ.
दार दिसायच्या आत किल्ली सांगायचा.
तिसऱ्या रात्री मी नुसती त्याच्या मागे चालत होते,
आपल्याच खेळात पाहुणी आल्यासारखी.
फाडला.

दुसरा सारखा कण्हायचा. त्यालाच उचलून न्यावं लागे.
दिवसभर सुताच्या रिळांमधले दोष शोधते मी,
रात्री पुन्हा कुणाची तक्रारवही व्हायचं?
त्याला एका विहिरीपाशी सोडून आले.
अजून तिथंच असेल. वहीत नोंद आहे, पान नऊ.

मग पेन्सिल घेतली. नावाच्या रकान्यात काही सुचेना,
लिहिलं: निनावे.
लिहिल्यावर हसू आलं. आमच्या गल्लीच्या टोकाला
इस्त्रीवाल्याची पाटीच आहे की.
या गावात नाव नसणं हेही आडनाव असतं.

वय पंचावन्न. पूर्वी हातमागावर.
ताकद दोन. धाडस तीन, पाण्याजवळ एक.
कंदील त्याचा, तेल माझं.
कसब एकच: तुटलेल्या दोराला
अशी गाठ मारतो की बोटाला लागत नाही.
वाट त्याला ठाऊक नाही.
हे मी दोनदा अधोरेखित केलं.

फासा टाकला की त्यानं काय करायचं:
एक पडला तर गप्प.
दोन किंवा तीन, तर विचारायचं, ‘काहून?’
चार, तर दिसतं तेवढंच सांगायचं, अर्थ लावायचा नाही.
पाच, तर म्हणायचं, ‘बस जराशी. पानी पे.’
सहाचं घर रिकामं ठेवलं. पुढे बघू.

काल रात्री तिसऱ्या जिन्याखाली दोन वाटा फुटल्या.
डावीकडे उजेड. मी निघालेच होते.
फासा टाकला: दोन.
‘काहून?’
काहून म्हणजे काय, उजेड आहे म्हणून!
पुन्हा टाकला: तीन.
‘काहून?’
आणि मला सांगता येईना.
वही मागे उलटली, तर तिथं माझ्याच अक्षरात:
या उजेडात सावली पडत नाही.

उजवीकडे वळलो. काळोख, आणि गुडघाभर पाणी.
आता तोच येईना.
पाण्याजवळ एक, मीच ठरवलेलं.
रबर हाताशी होतं. कोण बघतंय?
खोडलं नाही.
कंदील मी घेतला,
दोराचं एक टोक माझ्या कमरेला, एक त्याच्या,
म्हटलं, ‘चला न बाप्पा, मी आहो न.’

एवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला,
फासा हातून निसटून कपाटाखाली.

मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिलं:
धूळ,
वेदिकाची दोन वर्षांमागं हरवलेली कानातली रिंग,
आणि सहा.

रिंगचा फोटो तिला पाठवला. पावणेदोन झाले होते.
लगेच उत्तर आलं, एका हातानं लिहिलेलं, वेलांट्या चुकवत:
काहून जागी आहेस गं?

सहाचं घर अजून रिकामं आहे.
निनावे काठावर उभा.
दोर ताणलेला.